विंचवाचें विष आणि पेशीचीं दारें

(नभोवाणीवरील भाषण)



मोहर्लीसारख्या रानांतल्या गांवीं ज्यानें आपलें सारें आयुष्य मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यांत घालविलें, त्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरानें पेशीविज्ञानाच्या इतिहासावर बोलावें, हें कित्येकांना धाडसाचें वाटेल. मलाहि तें तसेंच वाटतें. परंतु इतिहास हा केवळ राजांचा व लढायांचा नसतो. मनुष्याला एखादी गोष्ट कशी कळली, कोणाकडून कळली, आणि कळल्यावर ती खेड्यापर्यंत पोंचावयास किती वर्षें लागलीं, हाहि इतिहासच होय. आजच्या माझ्या विषयाचें एक टोंक आपल्या चुलींतल्या राखेंत आहे, दुसरें टोंक कोंकणांतल्या तांबड्या विंचवाच्या नांगींत आहे, आणि मधला सारा भाग तुमच्या-माझ्या शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत आहे. पेशी वाढते कशी, एकीच्या दोन होतात कशा, आणि त्या कामीं पोटॅशियम नांवाच्या एका क्षारधातूला काय करावें लागतें, ही ती कथा.

ह्या विषयाकडे मी ग्रंथ वाचून वळलों नाहीं. १९८८ सालीं शाळा नुकतीच उघडली होती आणि आर्द्रा नक्षत्र लागलें होतें. माझ्या तिसऱ्या इयत्तेंतील एका मुलाला रात्रीं सरपणाच्या ढिगांतून लांकूड काढतांना विंचू चावला. खेड्यांत मास्तर म्हणजे सर्व जाणणारा. म्हणून त्याच्या वडिलांनीं मला उठवून नेलें. मुलाचा हात फारसा सुजला नव्हता, आणि विंचवाच्या दंशाला जसा आरडाओरडा होतो तसाहि तो करीत नव्हता. मात्र त्याचें सारें अंग घामानें निथळत होतें, हातपाय गार पडले होते, आणि दोन वेळां त्याला वांति झाली होती. "दुखत नाहीं, म्हणजे विष चढलें नाहीं," असें मीं ठरविलें. मंत्र घालणाऱ्याला बोलावूं दिलें, आणि चंद्रपूरला पहांटेच्या गाडीनें न्यावें, रात्रीं पंचवीस-तीस किलोमीटर रानांतून जाण्याची घाई नको, असा सल्ला मींच दिला. पहांट होण्यापूर्वीं मुलाला धाप लागली, तोंडाला फेंस आला, आणि गाडी येण्याच्या आंत तो गेला. त्या रात्रीं चूक माझी होती. तिचा दोष मी दुसऱ्या कोणावर ठेवीत नाहीं.

पुढें बऱ्याच वर्षांनीं वाचनालयांत चाळतांना मला कळलें कीं, तो घाम, ती वांति आणि तो गारठा हीं सारीं चिन्हें एका मराठी डॉक्टरानें १९८२ सालींच जगापुढें मांडलीं होतीं, आणि त्यावरचें औषधहि १९८६ सालीं छापून आलें होतें. तेव्हांपासून विंचवाच्या विषाविषयीं जें जें हाताशीं लागलें तें मी वाचीत गेलों. त्या वाचनानें मला जेथें नेऊन सोडलें, तें ठिकाण म्हणजे पेशींचें विभाजन! असो. आतां मूळ विषयाकडे वळूं.

प्रथम राखेपासून आरंभ करणें इष्ट आहे. आमच्या लहानपणीं घरोघरीं भांडीं राखेनें घासलीं जात, आणि धुण्यासाठीं राख पाण्यांत कालवून तिचें निवळलेलें पाणी वापरीत. तें बोटांना बुळबुळीत लागे. सुश्रुतसंहितेंत क्षार तयार करण्याचा विधि एका स्वतंत्र अध्यायांत सांगितला आहे, आणि ज्या झाडांची राख त्यासाठीं घ्यावी त्यांत आपल्या रानांतला पळसहि येतो. युरोपांतहि लांकडाची राख पाण्यांत कालवून तें पाणी भांड्यांत आटवीत, आणि तळाशीं राहिलेल्या पांढऱ्या भुकटीला 'भांड्यांतली राख' अशा अर्थानें पोटॅश म्हणत. १८०७ सालीं हंफ्री डेव्ही ह्या इंग्रज रसायनज्ञानें किंचित् ओलसर पोटॅशमधून विजेचा जोरदार प्रवाह सोडला, तेव्हां त्यांतून चांदीसारखे चकाकणारे बारीक गोळे निघाले, आणि त्यांतील कांहीं हवा लागतांच भडकून पेटले. हाच पोटॅशियम धातु. रसायनशास्त्रांत त्याचें 'के' हें जें चिन्ह आहे तें 'कॅलियम' ह्या नांवावरून आलें, आणि त्या नांवाचें मूळ राखेच्या क्षाराला अरबी भाषेंत जो शब्द आहे त्यांत सांपडतें.

झाड जळाल्यावर मागें पोटॅशियम राहतें, ह्याचा अर्थ झाडानें तें जिवंतपणीं जमिनींतून वेंचून आणलेलें असतें. मातींत सोडियमहि असतें. पण झाड पोटॅशियमच निवडून सांठवितें. १८४० सालीं यूस्टुस लीबिग ह्या जर्मन रसायनज्ञानें शेतीवरील आपल्या ग्रंथांत पिकांना अशा खनिज द्रव्यांची गरज असते, हें ठासून सांगितलें. प्राण्यांच्या बाबतींत ही गोष्ट लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर ह्यानें दाखविली. १८८२ आणि १८८३ ह्या वर्षीं तो बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यांत धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होता. शुद्ध पाण्यांत केवळ मीठ घातलें तर हृदय लवकरच थकून थांबे. नळाचें पाणी घेतलें तर चाले, कारण त्यांत चुन्याचा अंश होता. चुना, पोटॅशियम आणि मीठ ह्यांचें प्रमाण जमल्यावर तें हृदय कित्येक तास चालत राहिलें. आज रुग्णालयांत सलाईन म्हणून ज्या बाटल्या लावतात, त्यांपैकीं एका प्रकाराला ह्याच रिंगरचें नांव आहे.

रिंगरच्याच काळीं दुसरा एक इतिहास स्वतंत्रपणें घडत होता. १८५५ सालीं रुडॉल्फ फिर्खो ह्यानें असा सिद्धांत मांडला कीं, प्रत्येक पेशी ही पूर्वींच्या पेशीपासूनच जन्मते. मातींतून किडे आपोआप होत नाहींत, तशा पेशीहि रसांतून आपोआप होत नाहींत. १८८२ सालीं वाल्टर फ्लेमिंग ह्यानें सॅलमँडर ह्या बेडकाच्या नात्यांतल्या प्राण्याच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, आणि पेशीच्या आंतले रंगसूत्राचे धागे कसे आखूड होतात, उभे चिरून दोन्ही बाजूंस कसे ओढले जातात, व मग पेशी मध्यें आंवळून दोन कशा होतात, ह्याचीं सुंदर चित्रें काढलीं. विभाजन दिसलें, पण पेशीला विभागण्याची आज्ञा कोण देतो, हें दिसलें नाहीं. पोटॅशियमवाले वेगळ्या खोलींत बसले होते आणि विभाजनवाले वेगळ्या. ह्या दोन खोल्यांमधलें दार उघडावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

तें दार विजेनें उघडलें. पेशी ही एखाद्या घरासारखी आहे असें समजा. तिच्याभोंवतीं तेलकट द्रव्याचें अतिशय पातळ आवरण असतें, आणि त्यांतून क्षारांचे भारित कण, ज्यांना आयन म्हणतात ते, सहसा पार होऊं शकत नाहींत. घरांत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षां सुमारें तीसपट असतें. सोडियमची स्थिति ह्याच्या उलट, तें बाहेर पुष्कळ आणि आंत थोडें. हा फरक टिकविण्यासाठीं पेशी एक पंप सतत चालवीत असते. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आंत ओढतो. आतां घराच्या भिंतीला जर केवळ पोटॅशियमला जाऊं देणारीं बारीक दारें असलीं, तर दाटीमुळें पोटॅशियमचे कांहीं कण बाहेर निसटतील. आणि ते धनभारित असल्यामुळें मागें घराचा आंतला भाग ऋणभारित राहील. १९०२ सालीं यूलियुस बर्नस्टाइन ह्यानें पेशीच्या विजेचा उगम असाच लावला. १९५२ सालीं केंब्रिजचे हॉजकिन आणि हक्सली ह्यांनीं माखूळ ह्या सागरी प्राण्याच्या जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग करून, सोडियमला एक वाट आणि पोटॅशियमला दुसरी वाट असते, हें गणितानें मांडून दाखविलें. त्यांना १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या वाटांना शास्त्रज्ञ 'चॅनल' म्हणतात. आपण त्यांना आज दारेंच म्हणूं.

इतके दिवस सर्वांची समजूत अशी होती कीं, हीं दारें मज्जातंतु आणि स्नायु ह्यांच्याच कामाचीं. विचार करणें, हालचाल करणें, हृदय चालविणें ह्यांसाठीं तीं असावयाचीं. वाढीशीं त्यांचा काय संबंध? संबंधाचा पहिला धागा मिळाला तो मोठ्या गमतीनें, राजम्याच्या दाण्यांतून! राजम्यांतून काढलेलें एक द्रव्य रक्तांतल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या वेगळ्या काढण्यासाठीं प्रयोगशाळेंत वापरीत असत. १९६० सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें पीटर नोवेल ह्यांच्या लक्षांत आलें कीं, हें द्रव्य घातलें म्हणजे उरलेल्या पांढऱ्या पेशी, ज्यांना लिंफोसाइट म्हणतात त्या, निजल्या होत्या त्या जाग्या होऊन विभागूं लागतात. ह्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. रोगजंतु आला कीं, त्याला ओळखणारा शिपाई आपल्यासारखे हजारों शिपाई निर्माण करतो. म्हणजे विभाजनाची आज्ञा हवी तेव्हां देतां येईल अशी पेशी आतां शास्त्रज्ञांच्या हातीं आली.

१९६८ सालीं क्वास्टेल आणि कॅपलान ह्या दोघांनीं ह्याच पेशींना राजम्याचें द्रव्य दिलें, पण त्याबरोबर वाबाइन नांवाचें विषहि घातलें. हें आफ्रिकेंत बाणांना लावीत असलेल्या विषांपैकीं एक असून तें पेशीचा पोटॅशियम ओढणारा पंप बंद पाडतें. पंप थांबला आणि विभाजनहि थांबलें. १९७१ सालीं क्लॅरेन्स कोन ह्यांनीं तर असें धाडसी मत मांडलें कीं, पेशीचा विद्युत्-दाब हाच विभाजनाचा लगाम असावा. कारण मज्जापेशी व स्नायुपेशी ह्यांच्यासारख्या ज्या पेशी सहसा विभागत नाहींत त्यांचा दाब मोठा, आणि झपाट्यानें विभागणाऱ्या पेशींचा दाब लहान, असें दिसत होतें. मत धाडसी असलें तरी पुरावा अपुरा होता. कारण एकेका दाराकडे पाहण्याचें साधन अजून कोणाजवळ नव्हतें.

तें साधन १९७६ सालीं जर्मनींत ग्यॉटिंगेन येथें तयार झालें. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान ह्यांनीं कांचेची नळी तापवून इतकी बारीक ओढली कीं, तिचें टोंक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढें झालें. तें टोंक पेशीच्या आवरणाला चिकटविलें म्हणजे नळीच्या तोंडाखालीं येणाऱ्या एकाच दाराची उघडझांप विद्युत्-प्रवाहाच्या रूपानें मोजतां येऊं लागली. त्यांना १९९१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें साधन हातीं येतांच संशोधक मज्जापेशी सोडून शरीरांतील सगळ्याच पेशींचीं दारें ठोठावूं लागले.

आणि मग आलें १९८४ साल. कॅलिफोर्नियांतील अर्व्हाइन येथील विद्यापीठांत डिकोर्सी, चांडी, गुप्ता आणि केहलन ह्या चौघांनीं लिंफोसाइटच्या आवरणांत पोटॅशियमचीं दारें शोधून काढलीं. ह्यांपैकीं जॉर्ज चांडी हे आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलेले डॉक्टर, हें ऐकून आपल्याला आनंद वाटेल. त्यांनीं हीं दारें बंद करणारीं निरनिराळीं द्रव्यें घेतलीं. त्यांत हिंवतापावरचें आपल्या परिचयाचें क्विनीनहि होतें. जें द्रव्य दार जितक्या थोड्या मात्रेंत बंद करी, तितक्याच थोड्या मात्रेंत तें पेशीचें विभाजनहि अडवी. जें दाराच्या बाबतींत दुबळें, तें विभाजनाच्या बाबतींतहि दुबळें. ओळीनें लावलेल्या मुलांचा क्रम उंचीनें आणि वजनानें एकच निघावा, तसा हा प्रकार होता. पोटॅशियमच्या दारांचा पेशीच्या वाढीशीं संबंध आहे, हा मुद्दा येथें प्रथमच पुराव्यानिशीं उभा राहिला.

परंतु शास्त्रांत विरोधी पक्षाचा वकील नेहमीं हजर असतो, आणि तो असावा. तो म्हणाला, क्विनीन पेशींत आणखीहि पुष्कळ गोष्टी बिघडवीत असेल. विभाजन थांबलें तें दार बंद झाल्यामुळेंच कशावरून? क्विनीन म्हणजे कुलूप मोडणारा दगड. ह्या कामाला एकाच कुलुपाला लागणारी किल्ली पाहिजे. आणि अशी किल्ली कोट्यवधि वर्षांपूर्वींपासून एका प्राण्याजवळ तयारच होती. तो प्राणी म्हणजे विंचू.

विंचवाचें विष हें एक द्रव्य नव्हे. तें अनेक लहान-मोठ्या प्रथिनांचें मिश्रण आहे. त्यांतील कांहीं प्रथिनें मज्जातंतूंचीं सोडियमचीं दारें उघडीं ठेवतात, तर कांहीं पोटॅशियमच्या दारांच्या तोंडांत बुचासारखीं जाऊन बसतात. १९८५ सालीं ख्रिस्तोफर मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मध्यपूर्वेंतील एका पिवळ्या विंचवाच्या विषांतून असें बूच वेगळें केलें, आणि ग्रीक पुराणांतील जहाजें गिळणाऱ्या राक्षसिणीवरून त्याला कॅरिब्डोटॉक्सिन हें नांव मिळालें. १९८९ सालीं प्राइस, ली आणि डॉइच ह्यांनीं दाखविलें कीं, हें बूच घातलें म्हणजे मनुष्याच्या लिंफोसाइट पेशी विभागत नाहींत, आणि विभाजनाची दवंडी पिटणारें इंटरल्यूकिन-दोन हें द्रव्यहि पुरेसें निर्माण होत नाहीं. मात्र हें बूच दोन-तीन जातींच्या दारांना बसत असल्यामुळें वकिलाचें तोंड पुरतें बंद झालें नाहीं.

येथें आपल्या कोंकणच्या तांबड्या विंचवाचा प्रवेश होतो. शास्त्रांत त्याच्या नांवांतच 'टॅम्युलस' हा शब्द आहे. १९९० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ह्या भारतीय विंचवाच्या विषांतून आयबेरिओटॉक्सिन नांवाचें प्रथिन शुद्ध केलें. त्यांत अवघे सदतीस अमिनो-आम्लांचे मणी आहेत, आणि तीन गंधकाच्या टांक्यांनीं तो सर घट्ट गुंफलेला आहे. ह्याचा गुण असा कीं, तें पोटॅशियमच्या एकाच जातीच्या मोठ्या दाराला बसतें, ज्या दाराला कॅल्शियमची चाहूल लागते त्याला. इतर दारांना तें सहसा हात लावीत नाहीं. पुढें २००१ सालीं ह्याच विंचवाच्या विषांतून टॅम्युलस्टॉक्सिन हें आणखी एक बूच वेगळें करण्यांत आलें. १९९३ सालीं मध्य अमेरिकेंतील एका विंचवाच्या मार्गाटॉक्सिननें लिंफोसाइटच्या खास दाराची निवडक परीक्षा झाली, आणि तेंच दार विभाजनाला लागतें हें बहुतेक सर्वांना पटलें. आज जगांतील शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांतून आपल्या विंचवाचें हें प्रथिन, बहुधा कृत्रिम रीतीनें बनविलेलें, बाटलींत ठेवलेलें असतें. ज्या जीवाला आपण पाहतांक्षणीं वहाणेनें ठेंचतों, त्यानें मनुष्याला स्वतःच्या पेशीचें कुलूप दाखवावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दाराचा प्रत्यक्ष आकार मात्र नंतर दिसला. रॉडरिक मॅकिनन ह्यांनीं १९९१ सालीं विंचवाच्या विषाच्याच साहाय्यानें असें मोजलें कीं, एक दार चार सारख्या तुकड्यांचें बनलेलें असतें. आणि १९९८ सालीं एका जंतूच्या पोटॅशियम-दाराचें क्ष-किरणांनीं चित्र मिळविलें. त्या चिंचोळ्या वाटेंत पोटॅशियमचा कण नेमका मावतो. सोडियमचा कण आकारानें लहान असूनहि तेथें अडतो, कारण भिंतीवरील प्राणवायूचे अणु त्याला नीट धरूं शकत नाहींत. एका सेकंदांत कोट्यवधि कण ह्या वाटेनें जातात, तरी चूक क्वचितच होते. मॅकिनन ह्यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपण विचाराल कीं, दार उघडल्यानें पेशी विभागते कशी? ह्याचें उत्तर शक्य तितक्या सोप्या शब्दांत देतों. लिंफोसाइटला आज्ञा मिळाली म्हणजे तिच्यांत बाहेरून कॅल्शियम शिरलें पाहिजे. तेंच आंतल्या केंद्राला निरोप पोंचवितें. पण कॅल्शियम धनभारित असतें. तें आंत येऊं लागलें कीं पेशीचा ऋणभार कमी होतो, आणि मग पुढच्या कॅल्शियमला ओढ राहत नाहीं. अशा वेळीं पोटॅशियमचीं दारें उघडतात, पोटॅशियम बाहेर जातें, ऋणभार परत येतो, आणि कॅल्शियमचा ओघ चालू राहतो. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खालीं गेल्याशिवाय दुसरा वर येत नाहीं, तसेंच हें आहे. दुसरें काम आकाराचें. पेशी वाढतांना फुगते, विभागतांना गोल व घट्ट होते. पोटॅशियम व त्याच्यामागोमाग पाणी आंत-बाहेर केल्याशिवाय हें जमत नाहीं. तिसरें असें कीं, विभाजनाच्या तयारीपासून प्रत्यक्ष दोन होईपर्यंत पेशीचा विद्युत्-दाब ठराविक टप्प्यांवर कमी-अधिक होतो, आणि कित्येक जातींच्या पेशींत पोटॅशियमचीं दारें बंद केलीं तर त्या पहिल्याच टप्प्याच्या उंबरठ्यावर अडून बसतात.

जें वाढीला लागतें तें बेताल वाढीलाहि लागणारच. १९६९ सालीं फळांवरील माशीची एक विलक्षण जात वर्णिली गेली. ईथरची गुंगी दिली कीं तिचे पाय नाचल्यासारखे थरथरत, म्हणून त्या काळच्या एका नाचाचें नांव तिला देण्यांत आलें. तिच्या ज्या जनुकांत बिघाड होता, तें जनुक पोटॅशियमच्या एका दाराचें निघालें. १९९९ सालीं लुइस पार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, मनुष्यांत एरवीं मुख्यतः मेंदूंत असणारें हें दार कर्करोगाच्या कित्येक पेशींत आढळतें, आणि तें बनूं दिलें नाहीं तर त्या पेशींची वाढ मंदावते. आपल्या विंचवाच्या आयबेरिओटॉक्सिनची कथा मात्र अधिक सावध करणारी आहे. २००४ सालीं एका प्रयोगशाळेंत त्यानें मेंदूच्या अर्बुदाच्या पेशींची वाढ रोखल्याचें दिसलें. २०१० सालीं दुसऱ्या प्रयोगशाळेनें तपासलें, तेव्हां त्या दाराचा वाढीशीं संबंध आढळला नाहीं. शास्त्रांतील एक निकाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे. म्हणून मी हात जोडून सांगतों कीं, हें भाषण ऐकून कोणीहि विंचवाच्या विषाचें तेल किंवा थेंब कर्करोगावर औषध म्हणून विकत घेऊं नये. प्रयोगशाळेंतील तबकडींत एखादी पेशी थांबणें आणि माणूस बरा होणें, ह्यांत फार मोठें अंतर आहे.

पिकांच्या बाबतींत आपल्या विदर्भाला जवळचें एक उदाहरण सांगतों. कापसाचा एकेक तंतु म्हणजे बियांच्या सालीवरची लांबलेली एकच पेशी होय. १९७५ सालीं असें दिसून आलें कीं, हा तंतु लांबत असतांना त्याच्यांत पोटॅशियम आणि मॅलेट हें एक सेंद्रिय द्रव्य सांठत जातें. त्यांच्यामागें पाणी आंत ओढलें जातें, आणि त्या दाबानें तंतु ताणला जातो. १९९२ सालीं वनस्पतींतील पोटॅशियमच्या दारांचीं जनुकेंहि मोहरीच्या कुळांतल्या एका लहानशा रोपांत सांपडलीं. पावसाळ्यांत आमच्या रानांत बांबूचे वास्ते रातोरात वर येतात, तेव्हां मुलें विचारीत, "गुरुजी, ह्याला वर कोण ढकलतो?" पूर्वीं मी "देव" म्हणत असें. आज मी देवाचें नांव न टाकतां पाणी आणि पोटॅशियम हीं नांवेंहि जोडीन.

आतां कोंकणाकडे वळून ही कथा पुरी करतों. तांबड्या विंचवाच्या दंशानें मुलें दगावतात, हें कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. १९६१ सालीं डॉ. मुंडले ह्यांनीं दंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याचा प्रकार ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें नोंदविला. १९७० नंतरच्या दशकांत महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. ते जालना जिल्ह्यांतील खेड्यांत जन्मलेले आणि नागपूरला शिकलेले. रात्ररात्र रुग्णांच्या उशाशीं बसून त्यांनीं घाम, वांति, गार हातपाय, नाडी आणि रक्तदाब ह्यांची टिपणें ठेवलीं, आणि १९८२ सालीं तीं लॅन्सेट ह्या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झालीं. विषानें मज्जातंतूंचीं दारें उघडीं राहून अँड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आंवळतात, हृदय थकतें, आणि फुप्फुसें भरतात, असा हा क्रम. रक्तदाबावरचें प्राझोसिन हें स्वस्त औषध वाहिन्या सैल करतें, म्हणून तें त्यांनीं वापरलें, आणि १९८६ सालीं त्याचा वृत्तांत लॅन्सेटमध्यें दिला. त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणें, गंभीर विषबाधेंत पूर्वीं शेंकडा सुमारें चाळीस रुग्ण दगावत. प्राझोसिन आल्यावर तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. पुढें विंचवाच्या विषावरची लसहि निघाली, आणि ती प्राझोसिनबरोबर दिल्यास रुग्ण लवकर सांवरतो, हें त्यांनीं व डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनीं २०११ सालीं दाखविलें. २०२२ सालीं डॉ. बावस्करांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

त्यांच्या टिपणांतील एक वाक्यार्थ मला फार बोंचतो. ज्याचें सर्व शरीर विषानें व्यापलें आहे, त्या रुग्णाला दंशाच्या जागीं वेदना बहुधा थोडीच असते. "दुखत नाहीं, म्हणजे विष चढलें नाहीं" हें माझें १९८८ सालचें अनुमान सत्याच्या नेमकें उलट होतें. तें अनुमान खोटें ठरविणारें ज्ञान त्या वेळीं ह्याच महाराष्ट्रांत, मराठी माणसाच्या हातून, तयार झालेलें होतें. तें लंडनपर्यंत पोंचलें होतें. मोहर्लीपर्यंत पोंचलें नव्हतें.

म्हणून निवृत्त होण्यापूर्वीं मीं शाळेच्या भिंतीवर गेरूनें चार ओळी लिहवून घेतल्या. विंचू चावल्यावर दरदरून घाम, वांति, गार हातपाय किंवा धाप ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें, तर दुखत असो वा नसो, त्याच घटकेला दवाखान्यांत न्यावें. मंत्रासाठीं थांबूं नये आणि उजाडण्याची वाट पाहूं नये. पावसानें त्या ओळी पुसट होतात. दर वर्षीं आर्द्रा लागण्यापूर्वीं मी जाऊन त्यांवर पुन्हां गेरू फिरवून येतों.